झाकणाचा वास

मे महिना लागला की स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोटींचं उन्हाळी वेळापत्रक सुरू होतं. मला आता त्याचा काही उपयोग नाही, तरी दर वर्षी मी ते उघडून बघते. आरिसेगहून सकाळची बोट, मग एग, मक आणि रम अशी एकामागून एक बेटं. बघून झालं की उठते, फ्रिजमधून दुधाची बाटली काढते, हिरवं झाकण फिरवते आणि त्याचा वास घेते. दुधाचा नाही, झाकणाचा. शेखर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की बाटलीवर तारीख छापलेली असते. असू दे की. तारीख छापणाऱ्याने आज सकाळचं दूध कुठे हुंगलंय?

ही सवय आईची. आई मिरजेजवळच्या एका डेअरीत तीस वर्षं नोकरीला होती आणि तिचं काम होतं वास घेणं. शाळेत हे सांगितलं की मुली फिदीफिदी हसायच्या, म्हणून मी 'आई लॅबमध्ये असते' असं सांगायला लागले. आईला ते कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. खेड्यांमधून आलेले दुधाचे कॅन टेम्पोतून उतरायचे आणि रोलरवरून खडखडत तिच्यापुढे येऊन थांबायचे. तिथला माणूस झाकण काढून उलटं तिच्या हातात द्यायचा. वास सगळा झाकणाखाली साठलेला असतो, दूध ढवळलं की उडून जातो, म्हणून आधी झाकण. दोन सेकंद हुंगायचं. दूध चांगलं असलं तर ती नुसती मान हलवायची आणि कॅन सरळ पुढे जायचा. दूध आंबायला लागलेलं असलं, किंवा कॅन नीट धुतलेला नसला, तर तळहाताने तो डावीकडे सरकवायची. डावीकडे गेलेला कॅन ज्याचा त्याने घरी न्यायचा. त्यावर बोलणं नाही, वाद नाही, गयावया तर अजिबात चालायची नाही.

एकदा माझ्या सख्ख्या मामाचा कॅन डावीकडे गेला. चार माणसांत गेला. मामाने तिथेच 'अक्का' म्हणून हाक मारली, पण आईने मान वर केली नाही, तोवर पुढचं झाकण तिच्या हातात आलेलं होतं. मामा दोन महिने घरी फिरकला नाही. भाऊबीजेला आला, तेव्हा आईने त्याला ओवाळलं, करंजी भरवली आणि मग शांतपणे म्हणाली, "कॅन धूत जा रे." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. आपली आई कुणालाही घाबरत नाही, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं आणि मला तिची जरा भीतीच वाटायला लागली.

तर ही गोष्ट दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातली. इंग्लंडमध्ये असा उन्हाळा क्वचित पडतो. आम्ही राहतो त्या ब्रॅकनेलमधली हिरवळ चक्क पिवळी पडली होती. शेजारपाजारचे इंग्रज भाजून निघाल्यासारखे लालबुंद होऊन हिंडत होते आणि ऑफिसात सगळे मला विचारत होते की तुला तर याची सवय असेल. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आई मिरजेला एकटीच राहायची, आणि त्या वर्षी जूनमध्ये पहिल्यांदाच सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली. परतीचं तिकीट ऑगस्टमधलं, गणपतीच्या आधीचं, कारण गणपती मिरजेच्या घरातच बसणार हे तिने येण्याआधीच बजावून सांगितलं होतं.

ती आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने आम्हाला नासक्या दुधाचा चहा दिला. बाटली रात्रभर ओट्यावर राहिली होती. शेखर स्वभावाने गरीब, सासूबाईंनी केलेला चहा म्हणून त्याने अर्धा कप गिळला. मी पहिल्याच घोटाला सिंककडे धावले आणि वळून म्हणाले, "आई, अगं, हे तुला कळलं नाही?" माझ्या बोलण्यात थट्टा होती. पण तिचा चेहरा बघितला आणि माझी थट्टा जागच्या जागी विरली. ती गॅसपाशी दुधाची बाटली हातात धरून उभी होती, झाकण नाकाशी नेत होती आणि परत परत नेत होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीत तिला कसलासा ताप आला होता, आठवडाभर. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. चार महिने तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मोहरीची फोडणी कानावर, कांदा डोळ्यांवर, हिंग बोटांच्या अंदाजावर, असा तिचा स्वयंपाक चालू होता आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता लागला नव्हता. यात मला तिचं कौतुकच वाटलं असतं. पण पुढे तिने सांगितलं की मार्चमध्ये एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं. ती आतल्या खोलीत पेपर वाचत बसली होती आणि शेजारच्या कुलकर्णीकाकू नाकाला पदर लावून धावत आल्या म्हणून निभावलं. हे ऐकल्यावर मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला कॉफी हुंगायला दिली, लवंग दिली, पेपरमिंट दिलं. आई प्रत्येक वेळी मान हलवून 'नो' म्हणाली. वासाची नस दुखावली आहे, कदाचित परत येईल, कदाचित येणार नाही, असं ते म्हणाले. एवढं तर मलाही सांगता आलं असतं.

मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं की आईला परत पाठवायचं नाही. मी अशीच आहे. एकदा ठरवलं की मला पुढची पायरी दिसायला लागते. सॉलिसिटरला फोन केला, विधवा आईला कायमचं ठेवून घेण्याचा अर्ज मागवला, तिचं नाव मोठ्या अक्षरांत भरून ठेवलं. फक्त तिची सही राहिली. आईला मी एवढंच म्हणाले की वास येत नसेल तर गॅसपाशी एकटीने राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यावर ती उठून भाजी निवडायला बसली, आणि हा होकार नव्हे हे मला चांगलं माहीत होतं. आज खरं सांगते, नुसत्या काळजीपोटी नव्हतं ते. मला आई हवी होती. सात वर्षं मी या देशात होते. ऑफिसातून घरी आल्यावर दार उघडून आत घेणारं कुणीतरी मला हवं होतं, आणि देवाने ते मला एका तापाच्या निमित्ताने आणून दिलं होतं.

आरिसेगची सहल शेखरने ठरवली. त्याला व्हेल बघायचा होता. माझा बेत वेगळा होता. समुद्र, बेटं, मोकळी हवा, आईचं मन रमेल आणि कुठेतरी छान जागी बसून मी तिची सही घेईन, म्हणून नकाशे आणि बोटीची तिकिटं ठेवलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मी तो अर्जही सरकवला. मँचेस्टरला एका मित्राकडे मुक्काम केला, निघताना चहासाठी दुधाची बाटली घेतली, ती गाडीच्या डिकीत पडून राहिली आणि सगळेच तिला विसरून गेलो. ग्लासगोच्या पुढे डोंगर सुरू झाले तशी आई खिडकीला चिकटून बसली. एवढं पाणी, एवढं गवत आणि माणूस कुठे दिसेना. "इथे दूध कोण घालतं?" एवढंच तिने एकदा विचारलं.

बोट लहानशी होती, ऐंशी-नव्वद माणसांची. आम्ही फिरायला आलेले, पण तीच बोट बेटांवरच्या लोकांची एसटी होती. टपालाची पोती, पावाचे ट्रे, एक गुंडाळलेला गालिचा, बटाट्याची रोपं आणि चार लाल सिलिंडर चढले. सिलिंडर दिसल्याबरोबर आई थांबली. आपल्याकडच्यासारखेच लाल. तिने मला विचारायला लावलं की हे कुणाचे. बोट चालवणारा पांढऱ्या दाढीचा माणूस होता, त्याचं इंग्लिश मलाही निम्मंच कळत होतं. त्याने सांगितलं की त्यातला एक मक बेटावरच्या एका आजीबाईंचा आहे, ऐंशी उलटलेल्या आहेत आणि एकट्या राहतात. मी हे आईला मराठीत सांगितलं आणि सांगून झाल्यावर वाटलं, सांगायला नको होतं. आईने लगेच पुढचा प्रश्न दिला. "तिची मुलगी कुठे असते, विचार." मुलगी ग्लासगोला असते आणि दर रविवारी फोन करते, असं तो म्हणाला. "बरं," आई म्हणाली आणि जाऊन बाकावर बसली.

त्या समुद्राबद्दल काय सांगू. खाडीतून बाहेर पडताना खडकांवर सील लोळत पडले होते, जेवून आडवे झालेल्या माणसांसारखे, आणि आमच्याकडे कंटाळून बघत होते. पुढे एगचा तो एक उभा कातळ, कुठूनही बघा तोच दिसतो. त्याच्या पलीकडे रमचे डोंगर, माथ्यावर ढग आणि खाली काळेभोर. तिथे समुद्री गरुड आहेत, पुन्हा आणून वसवलेले. एक दिसला तेव्हा बोटीवरची सगळी माणसं एकाच बाजूला गेली. पफिन मात्र अगदी जवळून दिसले. एवढासा पक्षी, रंगवलेली चोच, आणि बोट जवळ आली की पाण्यावरून पाय मारत असा पळायचा की आई पदर तोंडाला लावून हसली. जून-जुलैतलं तिचं ते पहिलं हसू होतं. तिथलं ऊनही निराळं असतं, तिरपं, स्वच्छ, आणि संध्याकाळी दहापर्यंत जायचं नाव घेत नाही.

आणि तिथे फुलमार होता. करड्या पाठीचा, पंख ताठ धरून बोटीच्या मागे मागे तरंगणारा पक्षी. दाढीवाल्याने सांगितलं की याच्या चोचीवर नळीसारखं नाक असतं आणि कित्येक मैलांवरून तो वासावर खाणं शोधतो, पाण्यावर, जिथे दुसरी कुठली खूण नसते. मी आईला सांगितलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. "त्याचं नाक शाबूत आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात हेवा होता आणि तो मला सरळ लागला. तीस वर्षं जिच्या नाकावर सगळी डेअरी विसंबून होती, ती बाई एका पाखराचा हेवा करत होती.

एग सोडलं आणि समुद्र हलायला लागला. शेखरची अवस्था बिकट झाली. दुर्बीण, कॅमेरा, गळ्यात पक्ष्यांचं पुस्तक, एवढ्या तयारीने आलेला माणूस कठड्याला धरून पोट रिकामं करत होता. आईने त्याच्या हातावर आवळासुपारी ठेवली, "शेखरराव, लांब बघा, खाली बघू नका," म्हणाली आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा त्याच्यापासून लांब नेऊन माझ्याजवळ बसली. लसणीच्या चटणीचा वास इतका सुटला होता की पलीकडच्या बाकावरचं जोडपं वळून बघत होतं. आईला तो वासही येत नव्हता. ती पुरी चटणीला लावून खात होती, जसं कुणी औषध घेतं तसं. मी फोल्डरवर हात ठेवला. आता विचारावं, असं माझ्या मनात होतं.

तेवढ्यात आईने पुरी खाली ठेवली. मान वर केली, वाऱ्याकडे तोंड फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथे कुणीतरी कॅन न धुता बंद ठेवलाय," ती म्हणाली.

मला काही कळलंच नाही. मी म्हणाले, आई, इथे कुठला कॅन. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती उठली आणि डोलणाऱ्या बोटीत कठड्याला धरत धरत वाऱ्याच्या बाजूला गेली. "दोन दिवसांचा बंद कॅन," ती परत म्हणाली, या वेळी अगदी हळू. मग मलाही वास आला. कुजलेल्या कोबीसारखा, त्यात मासळी. बोट चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. आणि आईने ज्या दिशेला तोंड केलं होतं तिकडे, फार लांब नाही, एक काळी पाठ पाण्यातून वर आली, फुस्सकन श्वास सुटला आणि ती सावकाश आत गेली. मिंकी व्हेल. दाढीवाला हसत सांगत होता की या प्राण्याच्या तोंडाला वास मारतो, दिसायच्या आधी नाकाला कळतो आणि आज या बाईंना माझ्याही आधी कळला. सगळे टाळ्या वाजवत होते. शेखरही कठड्याला धरून, पिवळ्या चेहऱ्याने, टाळ्या वाजवत होता.

आईने माझं मनगट पकडलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "नंदू, वास आला गं मला," ती म्हणाली. बाबा गेले तेव्हाही ती अशी माणसांत रडली नव्हती.

आणि मी? मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. माझ्या मनात पहिलं जे आलं ते असं होतं की आता ही जाणार. आईला गेलेली गोष्ट परत मिळाली होती आणि मला ती पुन्हा हरवावीशी वाटली, एक क्षणभर का होईना. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते, पण तो झाला नाही असं मी म्हणणार नाही. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मीही रडले. लोकांना वाटलं, व्हेल बघून आम्ही भारावलो आहोत.

मकला बोट लागली तेव्हा धक्क्यावर लाल स्वेटर घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई ढकलगाडी घेऊन उभ्या होत्या. सिलिंडर त्यांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिला नाही, गाडीवर आडवा करून घेतला आणि चढणीला लागल्या. आई त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होती. मी काही भाषांतर केलं नाही, ते लागलंही नाही.

नंतरच्या काळात तिचा वास सगळा परतला नाही, हेही सांगायला हवं. आधी फक्त वाईट वास आले. गटार, जळकं दूध, ओली चप्पल, हे सगळं तिला चोख कळायचं. कुलकर्णीकाकूंच्या घरी एकदा गॅस गळत होता, तो तिने ओळखला आणि ते फोनवर मला तीनदा सांगितलं. हळूहळू चहा आला, हिंग आला. मोगरा कधीच आला नाही. मी विचारलं की ती म्हणायची, फुलांचं काय, ती बघता येतात. मिरजेच्या घरात ती पुढे नऊ वर्षं एकटी राहिली, स्वतःच्या गॅसवर स्वतःचा स्वयंपाक करून. मी दर रविवारी फोन करायचे.

पण त्या दिवशी आरिसेगला मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सहजासहजी हार मानणारी नाही. एक व्हेल म्हणजे काही वैद्यकीय दाखला नव्हे, एवढा मोठा प्राणी तोंडावर येऊन श्वास सोडतो तो कुणालाही कळेल, असं मी मनाशी घोकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या खिडकीपाशी मी आईला बसवलं. डिकीतली मँचेस्टरची बाटली आणली आणि गावातल्या दुकानातली ताजी बाटली आणली. तीस वर्षं जिने जिल्ह्याचं दूध तपासलं तिची मी परीक्षा घेत होते. दोन कप काढून दूध ओतायला लागले, तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

"दूध दाखवू नकोस. झाकणं दे."

मी पाठ फिरवून झाकणं काढली, दोन्ही एकाच रंगाची, आणि उलटी करून तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा काढून ठेवला. पहिलं झाकण उचललं, दोन सेकंद, आणि मान हलवून जागेवर ठेवलं. दुसरं उचललं, दोन सेकंदही लागले नाहीत. टेबलावर ठेवून तळहाताने डावीकडे सरकवलं. मी बघितलं. बरोबर होतं. शेखर दारात उभा होता. तो हसत होता.

मग आईने हात लांब करून टेबलावरचं फोल्डर ओढून घेतलं. नकाशा बाजूला केला, बोटीची तिकिटं बाजूला केली आणि खालचा अर्ज बाहेर काढला. तिला सगळं माहीत होतं. इंग्लिश तिला वाचता येत नव्हतं असं थोडंच आहे, आणि स्वतःचं नाव तर कुणालाही दिसतं. तो कागद तिने टेबलावर सपाट केला, सहीच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं आणि त्याच तळहाताने सावकाश डावीकडे सरकवला, त्या झाकणाला जाऊन टेकेपर्यंत.

मी तोंड उघडलं होतं. मला मामाची 'अक्का' ही हाक आठवली आणि मी ते मिटलं.

"आता चांगल्या दुधाचा चहा कर," आई म्हणाली. मी केला.